मौन आणि संमती

मौन हे संमतीचे लक्षण समजावे, हा लौकिक न्याय आपल्याकडे इतका रुळलेला आहे की त्याचे समर्थन करण्याची गरज कोणास वाटत नाही. सभेत ठराव मांडला, कोणी हरकत घेतली नाही, ठराव संमत झाला. मुलीस स्थळ दाखविले, ती खाली मान घालून बसली, लग्न ठरले. या न्यायाने आजवर किती जणांचे काय बरेवाईट झाले असेल याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. परंतु या न्यायाच्या मुळाशी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती अशी की, जो गप्प राहिला त्यास बोलता येत होते. बोलता येत असून जो बोलला नाही त्याच्या न बोलण्यास काही तरी अर्थ आहे. ज्यास मुळी बोलताच येत नाही त्याच्या मौनाचा अर्थ काय करावयाचा? व्यवहारात आपण तोच अर्थ करतो. त्यास भरवितो, निजवितो, उचलून येथून तेथे नेतो, आणि त्याने हरकत घेतली नाही एवढ्यावरून त्याची हरकत नव्हती असे समजून चालतो. असा मनुष्य जन्मभर अखंड संमतीत राहतो. या संमतीविषयी आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत.

मौनाची थोरवी आपल्याकडे मोठी आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. मौनी साधूच्या दर्शनास लोक रांगा लावतात. महात्मा गांधी सोमवारी मौन पाळीत आणि त्या दिवशी चिठ्ठ्या लिहून उत्तरे देत. परंतु हे मौन म्हणजे म्यान केलेली तलवार होय. ज्याच्या कमरेस तलवार कधी नव्हतीच, त्याने ती म्यान केली असे कोणी म्हणत नाही. गांधीजींच्या सोमवारास जो अर्थ होता तो मंगळवारामुळे होता.

येथे आरंभीच एक घोटाळा दूर केला पाहिजे. ‘मूकबधिर’ हा जोडशब्द आपल्या कानांस इतका परिचित आहे की मुका म्हटला म्हणजे तो बहिरा असावयाचाच, असे पुष्कळांस वाटते. ज्यास ऐकू येत नाही म्हणून जो बोलत नाही, त्याच्यासाठी खुणांची भाषा आहे, आणि ती मराठी-इंग्रजीइतकीच पूर्ण भाषा आहे; तिला व्याकरण आहे, विनोद आहे, आणि शिव्याही आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमटे यांच्या संस्थेने अशा मुलांची शाळा चालविली आहे. अशा कोणत्याही शाळेच्या मधल्या सुट्टीत पाच मिनिटे उभे राहिले तर तेथील मुलांस मूक म्हणण्याचे धाडस पुन्हा होणार नाही. आमचा विषय निराळा आहे. काही मुलांस ऐकू येते, बोललेले समजते, परंतु जन्माच्या वेळी किंवा त्याच्या आगेमागे मेंदूस इजा झाल्यामुळे जीभ, ओठ, घसा, आणि पुष्कळदा हातपायही त्यांच्या आज्ञेत राहत नाहीत. डॉक्टर यास सेरेब्रल पाल्सी म्हणतात. दुसऱ्या काही मुलांच्या अवयवांत दोष नसतो, तरी वाणी फुटत नाही. या सर्वांस आपले लोक एकच शब्द लावतात, आणि तो शब्द लावल्यावर त्यांच्याशी बोलणे सोडून देतात.

मूल जन्मले आणि वेळेवर श्वास लागला नाही, हे या दुखण्याचे एक कारण आहे. गडचिरोलीच्या डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने खेड्यापाड्यांतील बायकांस नवजात अर्भकाचा कोंडलेला श्वास मोकळा कसा करावा हे शिकविले, आणि त्या कामाचा वृत्तांत १९९९ साली ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध होऊन त्याचे अनुकरण देशोदेशी झाले, हे वाचकांस माहीत असेलच. मूल जगावे कसे, हा प्रश्न या वनजिल्ह्यांनी जगास शिकविण्याइतक्या गांभीर्याने घेतला. जे मूल जगले परंतु ज्यास बोलता आले नाही त्याने काय म्हणावे, हा प्रश्न त्याच्याच पाठीवरचा आहे.

आमच्या शास्त्रकारांनी वाणीची चार रूपे कल्पिली: परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी. यांपैकी एक वैखरी तेवढी कानास ऐकू येते. उरलेल्या तीन आत असतात. म्हणजे जे ऐकू आले तेवढेच बोलणे, असे त्यांनी कधी मानले नाही. व्यवहारात मात्र आपण याच्या उलट चालतो. वैखरी नाही म्हणजे आत मध्यमाही नाही, घर बंद आहे म्हणजे घरात कोणी राहतच नाही, असे आपले अनुमान असते. हे अनुमान किती लटके आहे हे दाखविण्यास दूर जावयास नको. मुंबईस १९७२ साली ‘स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था मिठू अलूर यांनी काढली. त्यांची कन्या मालिनी चिब हिचे बोलणे परक्यास उमगत नाही; ती एका बोटाने यंत्रावर अक्षरे दाबून बोलते. त्याच बोटाने तिने लंडनमध्ये दोन उच्च पदव्या मिळविल्या आणि २०१० साली आपले आत्मवृत्त प्रसिद्ध केले. परंतु हे उदाहरण देताना आम्हांस थोडा संकोच वाटतो. पदवी मिळविणाऱ्यासच बोलण्याचा अधिकार, असा त्याचा अर्थ होऊ नये. ज्या मुलाची गोष्ट आम्ही आता सांगणार आहो त्यास पदवी मिळण्याचा संभव नाही.

वैनगंगेच्या अलीकडे, धानाच्या मुलखात, एका गावी हा मुलगा राहतो. आमची एक जुनी विद्यार्थिनी त्या भागात विशेष शिक्षिका आहे; घरोघर जाऊन अशा मुलांस शिकविणे हे तिचे काम. तिच्या आग्रहाने आम्ही त्या घरी प्रथम गेलो तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. बाप बांधकामावर, आई दुसऱ्याच्या बांधीत रोवणीस जाणारी. यापूर्वी काही महिने मुलास एका केंद्रात ठेवीत असत. तेथे त्याच्यासाठी चित्रांचा एक तक्ता केलेला होता. बारा चौकोन आणि बारा चित्रे: पाणी, भात, दूध, केळे, चेंडू, मोटार, आई, बाबा, देव, झोप, औषध आणि लघवी. मुलाचा उजवा हात थोडाफार चाले. जे हवे त्या चित्रावर त्याने मूठ ठेवावी, अशी योजना होती. योजना करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, याविषयी आमच्या मनात शंका नाही.

थोड्याच दिवसांत मुलगा ‘लघवी’ या चित्रावर वरचेवर मूठ ठेवू लागला. दिवसातून दहा वेळा, पंधरा वेळा. नेले तर लघवी होत नसे. लोकांस वाटले, काही विकार असावा. तालुक्याच्या ठिकाणी नेऊन तपासण्या झाल्या. काही निघाले नाही. मग वाटले, मुलगा खोडसाळ आहे, किंवा त्यास चित्राचा अर्थच समजत नाही. आणि दुसरा तर्क अधिक सोयीचा असल्यामुळे तोच मान्य झाला. तक्ता भिंतीवर खिळ्यास लागला. आमची विद्यार्थिनी तेथे गेली तेव्हा तिने एवढेच केले की मुलगा ज्या वाटेने मोरीकडे नेला जाई ती वाट चालून पाहिली. वाटेत पडवी होती. पडवीत वारा होता, समोर चिंचेचे झाड होते आणि शेजारच्या घरची एक म्हैस बांधलेली असे. मुलास बाहेर जावयाचे होते. ‘बाहेर’ हा शब्द त्या तक्त्यावर नव्हता. मिळालेल्या बारा शब्दांपैकी ज्या एकाने खोलीबाहेर पडता येते तो शब्द त्याने आपल्या बुद्धीने हुडकून काढला होता, आणि या बुद्धीबद्दल त्यास मतिमंद ठरविण्यात आले होते.

आम्ही घरी परतल्यावर त्या बारा चित्रांचा पुष्कळ विचार केला. त्यांत वाईट शब्द एकही नाही. परंतु ते सारे, देणारा जे देण्यास तयार आहे त्या वस्तूंचे शब्द आहेत. खानावळीच्या भिंतीवर पदार्थांची यादी लावलेली असते तसे ते होते. त्या यादीतून गिऱ्हाइकास काही मागता येते. परंतु जेवण आवडले नाही, मालक खोटा आहे, मी येथून जातो, हे त्या यादीतील शब्दांनी म्हणता येत नाही. ज्याच्या हाती केवळ नामे दिली त्यास आपण याचक केले. तो मागू शकतो. नाकारू शकत नाही, विचारू शकत नाही, तक्रार करू शकत नाही, थट्टा करू शकत नाही. आणि जो मागण्यापलीकडे काही बोलत नाही त्याच्याविषयी, यास मागण्यापलीकडे काही समजत नाही, असे आपण म्हणतो.

या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांनी पाश्चात्य देशांत बोलण्याची मोजदाद केली आहे. तीत असे दिसून आले की, मनुष्य विद्वान असो वा अडाणी, त्याच्या दैनंदिन बोलण्याचा सुमारे ८० टक्के भाग अवघ्या दोन-चारशे शब्दांनी व्यापलेला असतो. हेच गाभ्याचे शब्द. २००३ साली अमेरिकेत दोन ते तीन वर्षांच्या ५० बालकांच्या बोलण्यातील नित्याच्या शब्दांची एक यादी प्रसिद्ध झाली. तीत मी, नाही, होय, माझे, पाहिजे, ते, जा, काय, येथे, अजून, बाहेर, मदत, संपले अशा अर्थाचे शब्द होते. वस्तूचे नाव एकही नव्हते. आम्ही जेव्हा हे वाचले तेव्हा आम्हांस प्रथम खरे वाटले नाही. म्हणून एका रविवारी आमच्याच घरातले बोलणे आम्ही सकाळपासून टिपू लागलो. हे, ते, काय, कुठे, आहे, नाही, दे, घे, ये, जा, बघ, कर, मला, तुला, आता, अजून, झाले, राहू दे, का, कोण. ‘भात’ हा शब्द दुपारपर्यंत दोनदा आला. ‘नको’ किती वेळा आला ते मोजता मोजता आम्ही दमलो. आमचा हा उद्योग पाहून कुटुंबाने ‘पुरे’ हा शब्द यादीत आपण होऊन घातला.

हेलन केलर हिची गोष्ट सुशिक्षित मराठी घरांतील मुलांस ठाऊक असते. १८८७ साली, हातावर पाण्याची धार पडत असता शिक्षिकेने दुसऱ्या तळव्यावर ‘पाणी’ या शब्दाची अक्षरे लिहिली, आणि त्या अंध-बधिर मुलीस एकाएकी कळले की वस्तूस नाव असते. प्रसंग खरा आहे आणि हृदयंगम आहे. परंतु त्याने आपली एक समजूत घट्ट करून ठेवली, ती अशी की भाषेचा आरंभ वस्तूंच्या नावांपासून होतो. हेलनचे आत्मचरित्र पुढे वाचीत गेले म्हणजे दिसते की तिला जे मिळाले ते केवळ पाण्याचे नाव नव्हते. तिला भांडण्याची, विचारण्याची, हट्ट धरण्याची सोय मिळाली. पाणी तर तिला तोवरही मिळतच होते.

आता मराठी भाषेविषयी दोन शब्द, कारण इंग्रजी यादीचे भाषांतर करून मराठी मुलापुढे ठेवणे म्हणजे दुसऱ्याचा अंगरखा घालण्यासारखे आहे. नकाराच्या बाबतीत आपली भाषा विलक्षण श्रीमंत आहे. इंग्रज मूल एका-दोन शब्दांत जे भागविते त्यासाठी आपण चार शब्द ठेविले आहेत. ‘नाही’ हा वस्तुस्थितीचा नकार: भात नाही. ‘नव्हे’ हा ओळखीचा नकार: हा तो नव्हे. ‘नये’ हा औचित्याचा नकार: असे करू नये. आणि ‘नको’ हा इच्छेचा नकार. पहिल्या तीन नकारांस बाहेरचा आधार लागतो; भात खरोखर नाही, मनुष्य खरोखर दुसरा आहे, शास्त्र किंवा रूढी खरोखर आड येते. ‘नको’ला असा कोणताही आधार लागत नाही. त्याच्यामागे केवळ एक मनुष्य उभा असतो. भात आहे, चांगला आहे, खाण्यास हरकत नाही, आणि तरीही नको. नीतिशास्त्राच्या वर्गात इच्छास्वातंत्र्यावर आम्ही तीस वर्षे व्याख्याने दिली. हा एक मराठी शब्द फळ्यावर लिहिला असता तर पुष्कळ वेळ वाचला असता. घरात मोठी माणसे मुलांशी बहुधा ‘नये’ या शब्दाने बोलतात आणि मुले ‘नको’ या शब्दाने उत्तर देतात. बाळपण म्हणजे या दोन शब्दांचा संवाद होय. ज्या मुलास दुसरा शब्द मिळाला नाही त्यास बाळपण मिळाले असे म्हणता येईल काय?

आमच्या विद्यार्थिनीने नवा तक्ता केला. पुठ्ठा, वर पारदर्शक कागद, आणि छत्तीस चौकोन. मुंबईच्या आय.आय.टी.त तयार झालेले ‘जेलो’ नावाचे एक साधन मोबाइलवर चित्र दाबताच मराठीत बोलते, आणि ज्यांस ते परवडते त्यांनी ते अवश्य घ्यावे; परंतु पुठ्ठ्यास वीज लागत नाही, आणि तो चिखलात पडला तर पुसून घेता येतो. त्या तक्त्यावर मी, तू, हे, ते, पाहिजे, नको, अजून, थांब, बाहेर, चल, काय, कोण, दुखते, चांगले, वाईट, वेगळे, झाले असे शब्द होते. भात आणि पाणी एका कोपऱ्यात होते. आणि एक नियम तिने घरात घालून दिला: मुलाशी बोलताना प्रत्येकाने बोलता बोलता त्या चित्रांवर आपलेही बोट ठेवावे. शेजारच्यांस हे हास्यास्पद वाटले. त्यास समजते की नाही याचा ठिकाणा नाही, आणि तुम्ही त्याच्याशी पुठ्ठ्याने बोलता! परंतु आपण तान्ह्या मुलाशी काय करतो? ते एक शब्द बोलण्यापूर्वी वर्षभर आपण त्याच्याशी अखंड बोलत असतो. तुला समजते याचा आधी पुरावा दे, मग बोलेन, असे कोणी आई म्हणत नाही. परीक्षा घेतली जाते ती या मुलांची मात्र. आणि परीक्षेत उतरल्यावर भाषा देऊ, असे त्यांस सांगण्यात येते.

दोन महिने मुलगा नुसता पाहत होता. नंतर एके दिवशी त्याने भाताचा घास तोंडाशी आला असता ‘नको’वर मूठ ठेवली. त्यानंतर तीन आठवडे तो दुसरे काही बोलला नाही. आंघोळ नको, शर्ट नको, बाबा नको, औषध नको, गुरुवारी आलेले आम्हीही नको. आम्ही गेलो तेव्हा आई उंबऱ्याशी उभी होती. ती म्हणाली, “सर, पोरगा आता उलटून बोलाले लागला जी. तो डब्बा पुसून टाका म्हना ताईले.” तिचे म्हणणे खोटे नव्हते. पहाटे उठून, स्वयंपाक करून, मुलास धुऊनपुसून, त्यास शेजारणीच्या हवाली करून तिला बांधीवर जावयाचे असते. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम लागला म्हणजे उजाडण्यापूर्वी रान गाठावे लागते. तिला ‘नको’ ऐकण्यास वेळ कोठून असणार? स्वातंत्र्याचा हा सारा विचार आमच्यासारख्या, ज्यांच्या घरी भांडी दुसरे कोणी घासते, अशा मंडळींचा आहे, असे तिने म्हटले नाही. परंतु म्हटले असते तर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

दिलेला शब्द परत घेता येतो काय? ब्लिस नावाच्या एका गृहस्थाची हकीकत या ठिकाणी आम्हांस आठवते. हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात जन्मलेला ज्यू. नाझींच्या छळछावण्यांतून सुटून तो शांघायास आला. चिनी लिपी पाहून त्यास वाटले की सर्व जगास वाचता येईल अशी चित्रलिपी रचावी. शब्दांच्या फसवणुकीतून युद्धे होतात, ती मग थांबतील. १९४९ साली त्याने आपला ग्रंथ छापला. जगाने त्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. पुढे १९७१ साली कॅनडात टोरोंटो येथील काही शिक्षिकांनी ती चिन्हे सेरेब्रल पाल्सी झालेल्या मुलांपुढे ठेवली, आणि मुले बोलू लागली. ब्लिसास प्रथम हर्ष झाला. परंतु शिक्षिकांनी गरजेप्रमाणे चिन्हांत फेरफार केले तेव्हा तो खवळला. माझी चिन्हे मी सांगेन तशीच वापरली पाहिजेत असे म्हणू लागला. प्रकरण वकिलांपर्यंत गेले आणि वर्षानुवर्षे चालून अखेर तडजोडीने मिटले. ज्याने जगास वाचा देण्यासाठी आयुष्य वेचले त्यासही दिलेल्या वाचेवरचा हात काढून घेता आला नाही. मग एका दमलेल्या आईस दोष कोणी द्यावा? तरीही आमचे उत्तर असे आहे की, तो चौकोन पुसता येत नाही. अन्न देऊन परत घेतले तर मनुष्य उपाशी राहतो, तो पूर्वी होता तसाच. ‘नको’ देऊन परत घेतले तर तो पूर्वीसारखा राहत नाही. आपले म्हणणे समजले होते आणि म्हणूनच ते बंद करण्यात आले, हे त्यास आता कळलेले असते.

मिल्लने स्वातंत्र्यावरील आपल्या १८५९ च्या निबंधात आरंभीच सांगून टाकले आहे की हा सिद्धांत मुलांस, आणि ज्यांस अद्याप दुसऱ्यांच्या देखरेखीची गरज आहे त्यांस लागू नाही. कॉलेजात असताना हे वाक्य आम्ही निमूटपणे वाचले होते. आता वाटते की मिल्लने येथे दोन गोष्टी एका गाठोड्यात बांधल्या. आपल्या इच्छेप्रमाणे होणे ही एक गोष्ट, आणि आपली इच्छा काय हे सांगता येणे ही दुसरी. औषध घेतलेच पाहिजे. मुलाच्या ‘नको’ने झटके थांबत नाहीत. येथे आईचे ‘नये’ मुलाच्या ‘नको’वर मात करणार, आणि केलीच पाहिजे. परंतु नकार ऐकून तो मोडणे आणि नकार नव्हताच असे समजून पुढे जाणे, यांत अंतर आहे. पहिल्यात मुलाशी कोणी तरी वागत असते. दुसऱ्यात मुलाचे काही तरी केले जात असते. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा संवादाच्या व्याख्येत वाणीस पूरक व पर्यायी अशा साधनांचाही समावेश करतो. कायदा चांगला आहे. परंतु भामरागडाहून नागपूर तीनशे किलोमीटरांहून दूर आहे, आणि पुठ्ठ्याचा तक्ता करून देणारे माणूस कायद्याबरोबर टपालाने येत नाही.

याहून कठोर अशी एक गोष्ट आहे, ती लिहिणे भाग आहे. ज्यास सांगता येत नाही त्यास कोणीही काहीही करू शकतो. मारणारा, उपाशी ठेवणारा, किंवा याहून नीच कृत्य करणारा मनुष्य मुलाचे मौन चांगले ओळखतो. ‘केळे’ आणि ‘मोटार’ या शब्दांनी त्याचे नाव सांगता येत नाही. ‘तो’, ‘वाईट’, ‘दुखते’, ‘नको’, या चार लहान शब्दांनी सांगता येते. हे शब्द तक्त्यावर असावेत की नसावेत याचा निर्णय करताना सभ्य घरांतील माणसांस संकोच वाटतो, असा आमचा अनुभव आहे.

कोणत्या भाषेतले शब्द, हाही प्रश्न आहे, आणि या जिल्ह्यांत तो सोपा नाही. वैनगंगेकाठची आई ‘मले पायजे’ म्हणते. तक्त्यावर पुण्याच्या छापखान्यातले ‘मला पाहिजे’ असते. ज्या झाडीपट्टीत धान निघाल्यावर लोक रात्र रात्र नाटकातली भाषणे ऐकत बसतात, तेथील मुलास आपल्या आईच्या बोलीत ‘नको’ म्हणता येऊ नये, ही थट्टाच म्हणावयाची. आणखी पूर्वेस जावे तो बोली नव्हे, भाषाच बदलते. आपल्या ‘नाही’स गोंडीत ‘हिल्ले’ म्हणतात आणि पाण्यास ‘येर’. सिरोंच्याकडे तेलुगू आहे. मुलचेऱ्याकडे पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांची बंगाली आहे. हेमलकशास डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे १९७३ साली जाऊन राहिले तेव्हा भोवतालची माणसे माडिया बोलत, आणि ती भाषा या डॉक्टरांस येत नव्हती. विद्या जवळ होती, रोगी समोर होता, आणि जीभ निरुपयोगी. त्या रानात मुके ते होते. म्हणून ते माडिया शिकले. माडियांनी आधी मराठी शिकून यावे, मग औषध देऊ, असे त्यांनी म्हटले नाही. धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली स्वतः गोंडी माध्यमाची शाळा काढली, तीही याच न्यायाने. बोलणाऱ्या मुलांची ही स्थिती, तर न बोलणाऱ्या माडिया मुलास शब्द कोणी निवडून द्यावयाचे? चित्र सर्वांस सारखे असते हे खरे, पण चित्रावर बोट ठेवताना मोठे माणूस जो शब्द उच्चारते तो कोणत्या तरी एकाच भाषेतला असतो, आणि तो त्याच्या आईचा असला पाहिजे. शाळेचा शब्द मागाहून येवो.

एक भय मात्र आमच्या मनात शेवटपर्यंत राहिले. डॉ. आंबेडकरांनी १९२० साली आपल्या पत्रास ‘मूकनायक’ हे नाव दिले. मुक्यांचा नायक त्यांच्या वतीने बोलतो तो तेवढ्यापुरताच. पुढे त्यांनी स्वतः बोलावे म्हणून. पण नायकास आपलाच आवाज गोड लागू लागला तर? पाश्चात्य देशांत गेल्या शतकाच्या अखेरीस असा एक प्रकार गाजला की, सहायकाने मुलाचा हात धरावयाचा आणि मुलाने यंत्रावर अक्षरे दाबावयाची. मुले कविता लिहू लागली, आईबापांच्या डोळ्यांस पाणी आले. पुढे परीक्षा झाल्या. मुलास एक चित्र आणि सहायकास दुसरे चित्र दाखविले, तेव्हा उत्तर आले ते सहायकाच्या चित्राचे. कोणी लबाडी केली नव्हती. प्रेमाने धरलेल्या हातातून धरणाराच बोलत होता. आम्ही त्या घरी जातो तेव्हा मुलाच्या मनगटास कोणी हात लावू नये असे सांगतो, आणि त्याची मूठ चौकोनापर्यंत पोहोचेतो वाट पाहतो. पुष्कळदा पूर्ण मिनिट लागते. बोलणाऱ्या मनुष्यास एक मिनिट गप्प बसणे किती कठीण आहे, हे आम्हांस प्राध्यापक असल्यामुळे विशेष जाणवते.

तक्ता पुसला गेला नाही. तीन आठवड्यांनंतर ‘नको’चा पूर ओसरला, एके दिवशी ‘अजून’ आले, आणि ‘बाहेर’ तर रोजचेच झाले. औषधाच्या वेळी आई बाटली दाखविते, मुलगा ‘नको’वर मूठ ठेवतो, आई “आयकलं रे बाबू” म्हणते आणि औषध पाजते. मागील पावसाळ्यात रोवणी चालू असता आम्ही गेलो तेव्हा छत्तीस चौकोनांखाली एक सदतिसावा चौकोन निळ्या पेनाने काढलेला दिसला. आत पालथी घातलेली वाटी होती. आमच्या विद्यार्थिनीने तो काढला नव्हता. आई बांधीवरून चिखलाच्या पायांनी आली, मुलाने तिला पाहून ‘बाहेर’वर, मग ‘चल’वर, मग पुन्हा ‘बाहेर’वर मूठ ठेवली. ती त्याच्यापुढे बसली, तिने पालथ्या वाटीवर बोट ठेविले, “मी थकली रे, पुरे,” असे म्हणाली, आणि पाय पसरून भिंतीस टेकली. मुलगा पुष्कळ वेळ त्या नव्या चौकोनाकडे पाहत राहिला.